सशाला ठाऊक होतं

पायांखाली भुसभुशीत वाळू आहे, पण समुद्र जवळपास कुठेच नाही. भोवती पाइनची सरळसोट झाडं आणि त्यांच्यामध्ये लाकडी बराकींच्या रांगा. साल १९१८, शरद ऋतू, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातला कॅम्प जॅक्सन. युद्धासाठी पोरं तयार करायला गेल्याच वर्षी हा तळ उभारलाय. तुम्हाला कोणी हटकत नाही. सगळ्यांच्याच तोंडाला फडकी बांधलेली, त्यामुळे आपला कोण नि उपरा कोण हे कुणालाच कळत नाही.

इस्पितळाच्या बराकीत या. खाटा संपल्या म्हणून व्हरांड्यातही गाद्या टाकल्यात. दाराशेजारच्या खाटेवरचा मुलगा विशीतला असेल, मनगटं रुंद, शेतात राबलेली. पाच दिवसांपूर्वी त्याला फ्लूचा ताप भरला. काल उतरला. काल संध्याकाळी तर तो उशीला टेकून बसला होता, घरी पत्र लिहायचं म्हणत होता. पहाटे पुन्हा हुडहुडी भरली. आता त्याचे ओठ बघा, मूठभर जांभळं खाल्ल्यासारखे झालेत. तोच रंग हळूहळू गालांवर चढतोय. खोकल्याची उबळ आली की उशाशी ठेवलेल्या भांड्यात मळकट गुलाबी कफ पडतो. त्याचा श्वास मोजायला जाऊ नका, आकडा चुकेल.

तळावरचे दोन डॉक्टर, चिकरिंग आणि पार्क, अशा रुग्णांची टिपणं ठेवतायत. पुढच्या वर्षी ती अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून येतील. फ्लूच्या पाठोपाठ ज्यांना स्टॅफिलोकोकस ऑरियसचा न्यूमोनिया झाला, त्यांतलं जवळजवळ कोणीच वाचलं नाही, असा त्यांचा अनुभव.  

शवविच्छेदनाच्या खोलीत नाक धरून दोन मिनिटं थांबा. निरोगी फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो, त्यात हवा असते. इथला तुकडा दगडासारखा तळाशी जातो. कापला की आत रक्त आणि जागोजागी बारीक बारीक गळवं. त्यातला पू काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. जांभळ्या ठिपक्यांचे घड दिसतील. ॲबर्डीनच्या ऑग्स्टन नावाच्या सर्जनने याच घडांवरून या जंतूला नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षाचा घड. नाशिककरांना समजवायला नको. पण घडांच्या आजूबाजूला बघा. पांढऱ्या पेशी आहेत, म्हणजे होत्या. आता नुसत्या चिंध्या उरल्यात. जंतूंपेक्षा या चिंध्याच जास्त.

फ्लूने कडी तोडली आणि जंतू आत शिरला, इतपत १९१८च्या डॉक्टरांनाही कळत होतं. पण आत शिरलेला चोर तिजोरी फोडेल, अख्खं घर कशाला पाडेल? एवढी भिंत पाडली कुणी? इथे उभं राहून उत्तर मिळणार नाही. चोवीस वर्षं मागे चला.

बेल्जियममधलं लुव्हेन, १८९४. काचेच्या तावदानांमागे एक प्रयोगशाळा. टेबलावर पितळी सूक्ष्मदर्शक आणि पिंजऱ्यात एक ससा. होनोरे व्हान द वेल्डे नावाच्या संशोधकाने सशाच्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हेच स्टॅफिलोकोकस सोडलेत. काही तासांनी तो तिथला गढूळ द्रव सुईने ओढून घेतो, थेंब काचेवर ठेवतो आणि वरून पातळ काच हळूच टेकवतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. त्याला राग यायचा नाही. काम करताना त्याला शेजारी कोण उभं आहे हे कळतही नसावं.

पांढऱ्या पेशी अजून जिवंत आहेत. सरपटणारी जिवंत पेशी गोल नसते. ती पसरते, एक पाय पुढे टाकते, बाकीचं अंग मागून ओढून घेते, पोळपाटावर ओघळणाऱ्या पातळ पिठासारखी. आता त्या पेशीकडे नीट बघा. तिने पाय आत घेतला. कडा गोल झाली. आतले दाणे नाचायचे थांबले आणि एकेक करत दिसेनासे झाले. फुगलेलं केंद्रक उघडं पडलं. मग नुसती पोकळ आकृती, पाण्यावर तरंगणाऱ्या पापुद्र्यासारखी. जंतू तिच्या आत शिरलेलासुद्धा नाही. त्याने बाहेरून काहीतरी सोडलं आणि त्याला गिळायला निघालेली पेशी वाटेतच मेली.

या ‘काहीतरी’ला व्हान द वेल्डेने नाव दिलं ल्युकोसिडिन, म्हणजे पांढऱ्या पेशी मारणारं. पुढच्याच वर्षी त्याने आणि त्याचा सहकारी डेनिस याने दाखवलं की सशांना हा जंतू आधी टोचून ठेवला, तर त्यांच्या रक्तात या विषावर उतारा तयार होतो. पिंजऱ्यातल्या सशाकडे मात्र नीट बघून ठेवा. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

१९०१ साली जर्मनीत फक्त एक परीक्षानळी बघायला थांबूया, कारण इतकी देखणी युक्ती क्वचितच पाहायला मिळते. नायसर आणि वेक्सबर्ग या दोघांना विषाची ताकद मोजायचीय. ते नळीत पांढऱ्या पेशी घालतात, त्यात जंतू गाळून उरलेलं पाणी आणि मेथिलीन ब्लूचे थेंब टाकतात. पेशी जिवंत असतील तर त्या श्वास घेता घेता निळा रंग पिऊन टाकतात आणि नळी पांढरी पडते. मेल्या असतील तर नळी निळीच राहते. इथे विष मोजायला ना काटा लागतो ना गज, धुतलेल्या धोतराला नीळ किती राहिली एवढंच बघायचं.

पुढचा पल्ला भराभर. १९२८ साली ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गमध्ये घटसर्पाची लस घेतलेली १२ मुलं दगावली. लशीच्या बाटलीत स्टॅफिलोकोकस वाढला होता. त्या चौकशीमुळे जगभरच्या प्रयोगशाळा या जंतूच्या विषांकडे पुन्हा वळल्या. १९३२ साली लंडन हॉस्पिटलमध्ये फिलिप पँटन आणि फ्रान्सिस व्हॅलेंटाइन यांनी वेगवेगळ्या रुग्णांचे जंतू एकमेकांशी ताडून पाहिले आणि नीट सांगितलं की लाल पेशी फोडणारं विष वेगळं आणि पांढऱ्या पेशी मारणारं वेगळं. हे दुसरं विष मुख्यतः केसतोड आणि करटांमधल्या जंतूंत सापडत होतं. या दोघांवरून त्याला पँटन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी ‘पीव्हीएल’. १९५९-६०मध्ये ऑक्सफर्डच्या वुडिनने दाखवलं की हे विष दोन तुकड्यांचं आहे. एक तुकडा एकटा असला तर काहीच होत नाही. बँकेच्या लॉकरसारखं, एक किल्ली तुमच्याकडे, एक मॅनेजरकडे.

आणि मग जवळपास चाळीस वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मला विचाराल तर दोष पेनिसिलिनचा. जंतूला मारणारं औषध हातात आलं की जंतू नक्की काय करतो याची चौकशी करायला कोण जातं?

आता फ्रान्समध्ये. विसाव्या शतकाची अखेर, अतिदक्षता विभाग, रात्र. मॉनिटरची टिकटिक, व्हेंटिलेटरचा फुसफुसाट. खाटेवर शाळकरी मूल, वय चौदा-पंधरा. आठवड्यापूर्वीपर्यंत ते धडधाकट होतं. साधा फ्लू झाला होता. आज दुपारी खोकताना रक्त पडलं. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसं ढगाळ, काही ठिकाणी पोकळ्या. आणि रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर गप्प होतात. न्यूमोनियात पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात, इथे त्या पार खाली गेल्यात.

चेहऱ्यावरचा रंग ओळखीचा वाटतो ना? कॅम्प जॅक्सनमधला तोच.

१९९९ साली लिना नावाच्या संशोधकाच्या गटाने दाखवलं की अशा रक्तस्रावी, ऊती कुजवणाऱ्या न्यूमोनियाच्या ८५ टक्के जंतूंमध्ये पीव्हीएलची जनुकं असतात. केसतोडांच्या जंतूंत ९३ टक्के. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जिये आणि सहकाऱ्यांनी १६ पीव्हीएलवाले रुग्ण आणि पीव्हीएल नसलेले ३६ रुग्ण शेजारी शेजारी मांडले. पहिल्या गटाचं मध्यक वय १४.८ वर्षं, दुसऱ्याचं ७०.१. पहिल्या गटातल्या १६पैकी १२ जणांना आधी फ्लूसारखा आजार झाला होता. भरती झाल्यावर ४८ तासांनी पहिल्या गटातले ६३ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ९४. जंतू तोच, आजाराचं नावही न्यूमोनियाच. पण एक रोग थकलेल्या म्हाताऱ्यांचा आणि दुसरा खेळत्या पोरांचा.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणवत नाही खरं तर. पीव्हीएलची जनुकं जंतूची स्वतःची नाहीत. जंतूंना लागण करणारे विषाणू असतात, बॅक्टेरिओफेज. ते ही जनुकं जंतूच्या घरात आणून ठेवतात. म्हणजे माणसाच्या विषाणूने वाट मोकळी करून दिली आणि जंतूच्या विषाणूने शस्त्र पुरवलं.

मग भांडण सुरू झालं. हे विष खरंच मारतं की गुन्ह्याच्या जागी नुसतं सापडतं? त्यासाठी प्रयोग हवा आणि प्रयोगासाठी प्रयोगशाळांनी तोवरच्या सवयीप्रमाणे उंदीर उचलला. उंदीर स्वस्त, जागा कमी लागते, वंशावळ ठाऊक. २००६ साली एका गटाने सांगितलं की पीव्हीएल काढून टाकलेला जंतूही उंदराला तितकाच जड जातो, म्हणजे विष निर्दोष. २००७मध्ये ‘सायन्स’मध्ये दुसरा गट म्हणाला, नाही, हेच खुनी आहे. मग आणखी गट आणि आणखी उंदीर. उंदीर मुख्यतः दुसऱ्याच एका विषाने मरत होते, अल्फा टॉक्सिनने. ते पांढऱ्या पेशींच्या नादी न लागता थेट फुप्फुसाच्या अस्तराला भोकं पाडतं. काही वर्षं परिषदांमध्ये दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना ऐकू जाईल असं बोलत नव्हते, असं मी समजून चालतो. अशा वादात तसंच होतं.

२०१०. जर्मनीत म्युन्स्टरला एक साधा, खरं तर शाळकरी प्रयोग झाला. माणूस, ससा, माकड आणि उंदीर यांच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांवर पीव्हीएल टाकायचं आणि बघत बसायचं. माणसाच्या पेशी मिनिटांत फुटल्या. सशाच्याही. उंदराच्या पेशींना काहीच झालं नाही, आणि आपला जवळचा नातलग म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवावा त्या माकडाच्याही नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत डीप आणि सहकाऱ्यांनी सशांच्या फुप्फुसात जंतू सोडला. पीव्हीएलवाल्या जंतूने तोंडातून रक्त, फुप्फुसभर कुजलेल्या जागा आणि मृत्यू. अगदी खाटेवरच्या मुलाचंच चित्र. मग त्यांनी जंतूला बाजूला ठेवलं आणि नुसतं शुद्ध विष आत घातलं. तरी फुप्फुस जळालं. पण ज्या सशांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींची एक जात, आधीच कमी करून ठेवल्या होत्या, त्यांच्या फुप्फुसाला त्याच विषाने तशी इजा झाली नाही.

म्हणजे विषाने भिंत पाडलीच नव्हती. ज्यांनी पाडली ते बघायला आत जावं लागेल. डोळे मिटा, आणि एक मायक्रॉनचे व्हा.

तुम्ही वायुकोशात उभे आहात. माणसात असे कोट्यवधी वायुकोश आहेत. तुमच्या मापाने हा सुमारे दोनशे पुरुष रुंद आहे, विहिरीसारखा, पण कोरडा नाही आणि अंधारही नाही म्हणा. पायांखाली साबणासारखी निसरडी ओल. ती नसती तर हे घुमट प्रत्येक श्वासागणिक चिकटले असते. भिंत तुमच्या कमरेइतकीही जाड नाही. पलीकडून लाल पेशी एकामागून एक, गर्दीच्या लोकलमधून उतरल्यासारख्या, अंग चोरून सरकतायत. कोपऱ्यात एक मॅक्रोफेज पडून आहे. इथली कायमची पहारेकरी, तुमच्या वीसपट. फ्लूने तिला थकवलंय. तिच्या काही सोबतिणी गेल्या.

वरून द्राक्षाचा घड पडतो. एकेक द्राक्ष तुमच्याएवढं.

रक्तातून झिरपलेली, शरीराच्या संरक्षणातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घडावर चढतात. त्यांतल्या एकाचे दोन तुकडे होतात आणि धाकटा तुकडा, सी५ए, हवेत नाही पण ओलीत पसरत जातो. ही हाळी आहे. भिंतीपलीकडच्या न्यूट्रोफिलच्या अंगावर ही हाळी ऐकणारे कान आहेत, सी५ए रिसेप्टर. पहिली न्यूट्रोफिल भिंतीला चिकटली, चपटी झाली, दोन पेशींच्या फटीतून अंग काढून आत आली. मग दुसरी. मग पन्नास. त्यांच्या पोटात दारूगोळा आहे, एलास्टेजसारखी वितंचकं, जंतूला विरघळवणारी. जंतूला गिळायचं आणि तो दारूगोळा पोटातल्या पोटातच उडवायचा, ही शिस्त. माणसाचं शरीर रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करतं आणि दर दिवशी तेवढ्याच गुपचूप मरतात. एरवी आपल्याला कळतही नाही.

आता समोरच्या न्यूट्रोफिलकडे बघा. घडाकडून विषाचे कण आले. पहिला तुकडा तिच्या अंगावर आधार शोधतोय. कुठे बसला बघितलंत? त्याच कानावर. ज्या रिसेप्टरने तिला हाक ऐकू आली, त्याच्यावरच. दुसरा तुकडा येऊन त्याला भिडला. मग आणखी जोड्या: चार पहिले, चार दुसरे, एकाआड एक, गोल रिंगण. आणि रिंगणाच्या मधोमध पेशीच्या कातडीत आरपार भोक. हा रिसेप्टर २०१३ साली नेदरलँड्समधल्या युट्रेख्तच्या गटाने शोधून काढला. उंदराच्या पेशीवरही कान आहे, पण त्याची घडण निराळी. हे विष त्यावर बसत नाही.

भोकातून पोटॅशियम बाहेर जातंय. पेशी पाय आत घेते. गोल होते. दाणे दिसेनासे होतात. लुव्हेनच्या काचेवर पाहिलं तेच, आता तुम्ही त्याच्या पायथ्याशी उभे आहात. कातडी फाटते आणि पोटातला दारूगोळा बाहेर सांडतो, जंतूवर नाही, तुमच्या शेजारच्या त्या कमरेइतक्या भिंतीवर. तिथे भगदाड पडतं आणि रक्त आत येतं. तो मळकट गुलाबी कफ इथून निघतो.

पण थोडं लांब, जिथे विष पातळ आहे, तिथे बघा. तिथल्या न्यूट्रोफिल मरत नाहीत. त्या भडकतात. आयएल-८ आणि ल्युकोट्राइन बी४ सोडतात, म्हणजे आणखी न्यूट्रोफिलना बोलावणं. कोपऱ्यातल्या मॅक्रोफेजलाही भोक पडलंय; तिच्यातून पोटॅशियम गेल्यावर आतली धोक्याची यंत्रणा सुरू झाली आणि तिने आयएल-१ बीटा सोडलं. त्यावर भिंतीच्या पेशीही आयएल-८ सोडू लागल्या. हाळीवर हाळी. आणि ज्या येतील त्या सगळ्या फुटायलाच येतील. कुंपणाने शेत खाल्लं असंही म्हणवत नाही. कुंपणच मोडलं आणि त्याचे काटे शेतभर पसरले. दरम्यान रक्तातल्या न्यूट्रोफिल इकडे ओढल्या जातायत, मरतायत. खाटेवरच्या मुलाच्या रिपोर्टमधला तो पडलेला आकडा आठवतो का? अल्फा टॉक्सिनही स्वस्थ नाही. सात तुकड्यांची स्वतःची वेगळी कडी घेऊन ते भिंतीच्या पेशींना दुसऱ्या बाजूने पोखरतंय.

तुमच्या पायाखालची ओल आता तांबडी झालीय. वर या.

पुन्हा त्याच अतिदक्षता विभागात, काही वर्षांनंतर. एक डॉक्टर औषधांची चिठ्ठी बदलतोय. प्रयोगशाळांत दिसलं होतं की ऑक्सासिलिनसारख्या औषधांची मात्रा जंतूला मारण्याइतकी नसेल तर ती उलट पीव्हीएल वाढवू शकतात. क्लिंडामायसिन आणि लिनेझोलिड जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद पाडतात, त्यामुळे विष बनणंही थांबतं. म्हणून चिठ्ठीवर एक ओळ वाढते. खाली आणखी एक: इम्युनोग्लोब्युलिन, हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेलं, त्यात पीव्हीएलवरची प्रतिपिंडंही असतात. डेनिसने १८९५मध्ये सशात पाहिलेला उतारा, आता बाटलीत.

एकदा लुव्हेनला जाऊन येऊ आणि मग तुम्हाला सोडतो. संध्याकाळ झालीय. व्हान द वेल्डे काच पुसतोय. त्याला पिंजऱ्यात ससाच का मिळाला असेल? बहुधा प्रयोगशाळेत ससेच असायचे, आणि त्यांच्या छातीत सुई घालायला जागा पुरेशी असते. त्या पलीकडे त्याने काही विचार केला असेल असं वाटत नाही. तो दिवा मालवतो, दार ओढून घेतो. पिंजऱ्यात ससा कान पाडून बसलाय. कपाटाखालून एक उंदीर निघतो, टेबलाच्या पायापाशी क्षणभर थांबतो आणि भिंतीच्या कडेकडेने तुरुतुरु निघून जातो.